कड्याच्या अंगाची वाट

"ही वाट काढणारा माणूस कुठे बसतो? मला त्याच्याशी भांडायचंय."

ठकूने संगणकावरून मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, बुटांना चिखल, आणि हातात त्यांच्याच प्रकाशनाचं पुस्तक, 'पायी पाहण्याजोगा देश'. देशभरातल्या सुंदर डोंगरवाटा, जंगलवाटा, समुद्राकाठच्या वाटा सांगणारं ते पुस्तक चांगलं खपत होतं, आणि त्यातला प्रत्येक नकाशा ठकूने काढलेला होता.

"काढणारा नाही, काढणारी," ती म्हणाली. "बसा. पण आधी बूट पुसा."

तो जरा गडबडला. पायपुसण्याकडे परत गेला, बूट घासून घासून पुसले, आणि मग भांडायला आलेल्या माणसाला न शोभणाऱ्या सावकाशीने खुर्चीत बसला.

"मला वाटलं, नकाशे तुमचे साहेबच काढतात. त्यांनाच शोधत होतो," तो म्हणाला. "दार चुकलं."

"डोंगरात फिरणारा माणूस दिसताय. आणि दार चुकलात?"

"दारांवर बाण नसतात ना..." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटायचा.

शहराबाहेरच्या डोंगरांत वाटा राखायचं काम त्याच्याकडे होतं. वाढलेली झुडपं कापायची, पावसाने वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा बसवायच्या, दगडांवर रंगाचे बाण काढायचे. पायथ्याच्या एका खोलीत राहायचा. येणारे-जाणारे त्याला वाटाड्या म्हणत, आणि आता त्यालाही दुसऱ्या नावाने हाक मारलेली कळत नसे.

"हे बघा." त्याने पान उघडलं. "ओढ्यापाशी तुम्ही वाट डावीकडे नेलीय. ती उजवीकडे जाते. डावीकडे नुसती काटेरी जाळी आहे. गेल्या रविवारी एक नवीन लग्न झालेलं जोडपं तुमच्या भरवशावर डावीकडे गेलं. दुपारभर जाळीत. मला सापडले तेव्हा ती म्हणत होती, आईकडे जाते. तो म्हणत होता, जा. मी मध्ये पडलो म्हणून संसार वाचला!"

ठकूला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "मी वाट मनाने काढलेली नाही. जुन्या मोजणीच्या नकाशात ती डावीकडेच आहे."

"तुम्ही स्वतः कधी गेलाय तिथे?"

ठकूने उगाच पुस्तकाचं पान सरळ केलं. कारण खरं उत्तर असं होतं की ती कुठेच गेली नव्हती. बर्फाच्या डोंगरांतली वाट, वाळूच्या टेकड्यांमधली वाट, समुद्रावर झुकलेल्या कड्यांची वाट... सगळ्या तिने या खुर्चीत बसून काढल्या होत्या. आणि ती खुर्चीसुद्धा खिडकीकडे पाठ करून ठेवलेली, कारण कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि खाली पाहिलं की ठकूच्या तोंडचं पाणी पळायचं.

"कामं असतात," ती म्हणाली.

"रविवारीसुद्धा?"

तेवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन आत आले. सगळं ऐकून घेतलं आणि खूश झाले. "उत्तम! नवी आवृत्ती काढायचीच आहे. ठकू, जाऊन बघून ये की. डोंगर काय, टेकडीच ती."

ठकूने साहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी चहात तोंड घातलं. पण वाटाड्याचा चेहरा इतका उजळला होता की तिच्या तोंडून 'नाही' निघेना.

*

घरी गेल्यावर आत्याने तिला फैलावर घेतलं. "तू? डोंगरावर? अगं, दिवा बदलायला स्टुलावर चढायचं म्हटलं तर शेजाऱ्यांना हाका मारतेस तू!"

"कामाचं आहे, आत्या."

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

"ज्याच्यासाठी काम आहे तो."

बाबा वर्तमानपत्रामागे हसले. ठकूची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून बाबांची बहीण या घरात होती, आणि घरातलं कुठलंही गुपित तिच्यापुढे फार वेळ टिकत नसे. रविवारी सकाळी ठकू तयार होऊन बाहेर आली तर आत्या बूट घालून, पाठीला पिशवी लावून, दारात हजर. "मीही येते. हवा बदलेल."

वाटाड्या पायथ्याशी वाट बघत उभा होता. एकीऐवजी दोघी आलेल्या पाहून त्याचा चेहरा जरासा पडला आणि लगेच सावरला. ठकूने ते दोन्ही पाहिलं आणि दोन्ही तिला आवडलं.

पाऊस उघडला होता. गवतातून ओला, हिरवा वास येत होता. आत्या अशी सुटली की बघता बघता वळणाआड गेली. मागे राहिली ही दोघं.

"तुमच्या आत्या रोज चालतात?"

"रोज बोलतात. त्याने फुप्फुसं मजबूत होत असतील."

ओढ्यापाशी आल्यावर वाटाड्याने विजयी मुद्रेने डावीकडची जाळी दाखवली. खरंच, ससासुद्धा शिरणार नाही अशी दाट जाळी. पण ठकू नुसती बघत बसली नाही. तिने घडीचा नकाशा काढला, ओढ्याचं वळण पाहिलं, समोरचा उतार पाहिला.

"इथे नाही. जरा वर. त्या मोठ्या खडकामागे."

"तिथे काही नाही."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"तीन."

"नकाशा तुमच्या जन्माआधीचा आहे. कापा ती फांदी."

त्याने कोयता चालवला. एक फांदी, दुसरी, मग वेलींचा एक अख्खा पडदा खाली आला... आणि मागे शेवाळलेली दगडी पायरी दिसली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी.

वाटाड्या कोयता हातात धरून तसाच उभा राहिला. "मी इथून रोज जातो," तो हळूच म्हणाला. "रोज... आणि मला माहीत नव्हतं."

"वर कधीतरी दरड कोसळली असेल. लोकांनी उजवीकडून नवी वाट पाडली, ही विसरली गेली. म्हणजे तुमचंही बरोबर. माझंही."

"आणि त्या जोडप्याचं?"

"त्यांनी पुढच्या वेळी न भांडता हरवावं!"

तो मोठ्याने हसला. दरीत कुठेतरी एक पाखरू दचकून उडालं.

आत्याला हाका मारून परत बोलावलं आणि तिघं त्या पायऱ्या चढू लागली. वर जाऊन वाट झाडीतून बाहेर पडली आणि डोंगराच्या अंगाला चिकटून पुढे गेली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला... काही नाही. नुसती हवा. खूप खाली झाडांचे शेंडे, त्यांवरून सरकणारं धुकं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक हिरवं पठार आणि त्याच्यामागे पांढरा धबधबा. नकाशावर ही वाट म्हणजे एकमेकींना खेटलेल्या, उंची दाखवणाऱ्या रेषांमधून गेलेला एक बारीक ठिपकेवार धागा होती. ठकूने तो एका दुपारी सहज काढला होता.

आत्या तुरुतुरु पार गेलीसुद्धा.

ठकूने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायला गेली आणि पाय उचलेना. कान गच्च झाले. कडा तिला बाहेर ढकलतोय असं वाटलं.

"काय झालं?" वाटाड्या मागून म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. दरीकडच्या बाजूला, तिच्या आणि त्या मोकळ्या हवेच्या मध्ये येऊन उभा राहिला. "बसा. इथेच. कड्याला पाठ लावून. माझ्याकडे बघा... नाही, दरीकडे नाही. माझ्या शर्टाचं बटण बघा. तुटलंय ना?"

"...हो."

"कधीपासून लावायचं राहिलंय. तुम्हाला लावता येतं?"

"नाही."

"छान. मग आपण दोघंही तसेच."

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. हळूहळू श्वास जागेवर आला. तो तिचा हात न धरता, फक्त बाजूबाजूने चालत, तिला झाडीपर्यंत मागे घेऊन आला. पलीकडून आत्या ओरडली, "अरे, येताय ना?"

ठकूने डोळे मिटले. आता आत्या म्हणणार, मी सांगितलंच होतं.

"माझा पाय मुरगळला, आत्या!" वाटाड्या ओरडला. "जमणार नाही आज!"

आत्या तणतणत परत आली. पायथ्यापर्यंतच्या साऱ्या उतारावर तिने त्याला सोडलं नाही. डोंगरात राहायचं आणि पाय मुरगळून घ्यायचे, आजकालची मुलं म्हणजे, वगैरे वगैरे. तो मुकाट्याने लंगडत राहिला. मध्येच पाय बदलला, तेव्हा ठकूने हळूच खूण केली, 'डावा... डावा!'

*

त्यानंतर वाटाड्याची साहेबांकडे बरीच कामं निघू लागली. एकदा साहेब परगावी असतानाही निघालं.

"साहेब नाहीत," ठकू म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला आणि आनंदाने खुर्चीत बसला.

दुपारच्या सुट्टीत दोघं कचेरीच्या पायऱ्यांवर बसून उकडलेली अंडी आणि ब्रेड खायची. त्याला तिच्या नकाशांचं वेड लागलं होतं. कधी हा सांगा, कधी तो.

"वाळूच्या टेकड्यांची वाट कशी आहे?"

"सकाळी लवकर निघायचं," ठकू डोळे बारीक करून सांगायची. "दोन टेकड्यांमधल्या खोलगटातून जायचं, म्हणजे उशिरापर्यंत सावली मिळते. शेवटी एक उंच टेकडी लागते. तिच्यावर चढलं की एकदम, काहीही सूचना न देता, समुद्र."

"न बघता एवढं दिसतं तुम्हाला?"

"रेषा बघते ना. पण वाळू पायाला कशी लागते, ते नाही कळत."

"ते मलाही माहीत नाही. मी या डोंगरांपलीकडे कधी गेलोच नाही." त्याने ब्रेडचा तुकडा मोडला. "एखाद्याने... म्हणजे एखादीने... रोज असं सांगितलं, तर जायची गरजही नाही."

ठकूने अंडं सोलण्याकडे फार लक्ष दिलं. ते आधीच सोललेलं होतं.

रविवारी ती सोप्या वाटांवर जायची. तळ्याकाठची, रानातली, सपाट माळावरची. आत्या पहिल्या दोनदा आली. मग म्हणाली, "माझे गुडघे दुखतात," आणि वर बाबांकडे बघून डोळा मारला.

सगळं असं गोड चाललं असताना एका सकाळी साहेबांनी ठकूला बोलावलं.

"नव्या आवृत्तीसाठी देशातली एकूण एक वाट पुन्हा चालून तपासायची ठरवलंय. आपला वाटाड्या जाणार. उत्तरेच्या बर्फापासून सुरुवात. वर्ष तरी जाईल."

ठकूला पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. "आणि नकाशे?"

"तो पाठवेल ते बघून तू इथे करशील. खरं तर मीच त्याला म्हटलं होतं, सोबत नकाशे काढणारं माणूस ने, ठकूला विचार. तर म्हणाला, नको. त्या नाही येणार. मी एकटाच जातो."

दुपारी तो नेहमीसारखा ब्रेड घेऊन आला, तेव्हा ठकू जिन्यातच त्याला आडवी आली.

"मी येणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याचा चेहरा उतरला. "साहेब बोलले वाटतं... मी आज सांगणारच होतो."

"जाताय ते सांगणार होतात. मला विचारणार नव्हतात. माझ्या वतीने नाही म्हणायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

"त्या वाटा सोप्या नाहीत. निम्म्या अशाच आहेत, कड्याच्या अंगाने जाणाऱ्या. त्या दिवशी तुम्हाला पाहिलं ना मी. ओठ पांढरे पडले होते तुमचे. ते पुन्हा... ते मला बघवणार नाही."

"माझ्या ओठांचं माझं मी बघेन!"

वरच्या मजल्यावर कोणीतरी खोकलं. आपण काय बोललो ते ठकूच्या ध्यानात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. तोही भिंतीकडे बघू लागला. पण तिचा राग खरा होता, आणि तो लाजेपुढे हटला नाही. ती वळली आणि वर निघून गेली.

पुढे बरेच दिवस तो आला नाही. अंडी सोलायला ठकू पायऱ्यांवर गेली नाही.

एका संध्याकाळी बाबा तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसले. बाबांनी आयुष्यभर डोंगरातल्या रस्त्यांवर प्रवासी गाडी चालवली होती.

"आत्या सांगत होती, त्या मुलाचा पाय मुरगळला नव्हता म्हणून."

"आत्याला कळलं होतं?"

"आत्याला काय कळत नाही? तिला वाटलं, एवढं सांभाळून घेतोय तर घेऊ दे." त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. "तुला एक सांगू? वळणावर मला रोज भीती वाटायची. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत."

ठकू बघतच राहिली. "तुम्हाला? मग काय करायचात?"

"हळू चालवायचो," बाबा म्हणाले. "मागचे लोक भोंगे वाजवायचे. वाजवू द्यायचो."

*

ठकूने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. आत्या सोबत होती. या वेळी गुडघे अजिबात दुखत नव्हते. ओढ्यापाशी जाळी साफ झाली होती, पायऱ्या नीट बसल्या होत्या. जाण्याआधी वाटाड्या ती जुनी वाट मोकळी करून ठेवत होता. झाडीच्या टोकाशी दोघी आल्या, तेव्हा तो पलीकडच्या पठाराच्या तोंडाशी पाठमोरा बसून दगडावर बाण रंगवत होता.

"हाक मारू?" आत्याने विचारलं.

"नको. आणि तू पुढे जाऊ नकोस. इथेच बस."

ठकूने कड्याला पाठ लावली आणि मग सरळ खाली बसली. उभं राहून जमणार नव्हतं, हे तिने रात्रीच स्वतःशी कबूल केलं होतं. बसल्या बसल्या ती एका अंगाने सरकू लागली. हात टेकायचे, अंग उचलायचं, वीतभर पुढे. पुन्हा हात टेकायचे. पँटला काहीतरी अडकलं आणि फाटल्याचा आवाज आला. खाली धुकं होतं. ती धुक्याकडे बघत नव्हती. समोर येणाऱ्या प्रत्येक दगडाकडे ती एखाद्या नकाशातल्या खुणेसारखं बघत होती. हा लाल. हा फुटका. हा मुंगीचा.

ती अर्ध्यावर आली तेव्हा वाटाड्याने सहज मागे वळून पाहिलं. रंगाचा डबा त्याच्या हातातून सुटला आणि गडगडत दरीत गेला.

"थांबा! मी येतो!"

"हलायचं नाही!" ठकू इतक्या जोरात ओरडली की तो उभ्या जागी खिळला. "तुम्ही तिथेच थांबा. मला... मला मोजून श्वास घ्यायचाय."

तो थांबला. हातात ब्रश तसाच. एकदा पाय पुढे टाकला, तिने डोळे वटारले, मागे घेतला. ठकूचे ओठ पांढरे पडलेच असणार, कारण त्याचेही पडले होते. पण त्याने नजर हटवली नाही. शेवटपर्यंत बघत राहिला.

हाताला एकदम गवत लागलं. ओलं, थंड, सपाट गवत. ठकू तिथेच आडवी झाली आणि आभाळाकडे बघत हसत सुटली. तो धावत येऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला.

"वेडी आहेस का तू?" तो ओरडला. "सांगितलं असतंस तर... मी हात..."

"तू म्हणालास मला."

"काय?"

"आता. मला 'तू' म्हणालास."

तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. "चुकून गेलं..."

"परत घेऊ नकोस," ठकू म्हणाली. उठून बसली. केसांत गवत, कोपरांना माती. "आणि नीट ऐक. माझी भीती गेलेली नाही. जाईलसंही वाटत नाही. बर्फात बसून सरकेन, समुद्रावरच्या कड्यांवर बसून सरकेन. एका दिवसाच्या वाटेला मला दोन दिवस लागतील. तुला चालणार असेल तर... मला विचार. साहेबांना नाही. मला."

त्याने ब्रश खाली ठेवला. रंगाने माखलेले हात शर्टाला पुसले, तरी ते माखलेलेच राहिले.

"येशील माझ्याबरोबर?"

"नकाशे काढायला?"

"नकाशे काढायला..." तो थांबला. "आणि तसंही. कायमचं. मी साहेबांना एकटाच जातो म्हणालो, तेव्हापासून एक घास गोड लागला नाही. वर्षभर रोज कुठलीतरी सुंदर जागा बघायची आणि सांगायला तू नाहीस... मला तू फार आवडतेस, ठकू. पहिल्याच दिवशी, बूट पुसायला लावलेस ना, तेव्हापासून."

"मलासुद्धा," ती म्हणाली. एवढंच. मग तिनेच त्याचा हात हातात घेतला, आणि तिच्या बोटांना पिवळा रंग लागला. धबधब्याचे तुषार वाऱ्याबरोबर येऊन दोघांना भिजवत राहिले आणि दोघांपैकी कोणीही उठलं नाही.

"झालं का ठरवून?" कड्यापलीकडून आत्याचा आवाज आला. "मी इथे दगडावर बसून बसून दगड झाले! तुझ्या बाबांना फोन करू का नको, तेवढं सांगा!"

"कर!" ठकू ओरडली.

मग परत जायची वेळ आली. ठकू वाटेच्या तोंडाशी गेली, दीर्घ श्वास घेतला आणि मुकाट्याने खाली बसली. वाटाड्या बाजूला उभा होता. त्याने एकदा त्या अरुंद वाटेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तू चालत जा," ती म्हणाली. "तुला येतं की."

"घाई कोणाला आहे?" तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी, दरीकडे पाय करून, ऐसपैस खाली बसला. "सरक पुढे."

कड्यापलीकडे आत्याने फोन कानाला लावला होता. समोरून आपली भाची आणि तिच्यामागे तो धिप्पाड वाटाड्या, दोघं बसल्या बसल्या वीतवीतभर सरकत येताना पाहून ती बोलायचं विसरली.

"हॅलो? हॅलो, काय झालं गं?" बाबा फोनमधून विचारत होते.

"काही नाही रे," आत्या डोळे पुसत म्हणाली. "येताहेत. हळूहळू येताहेत."